तांबड्या विंचवाचे दोन पेपर

गावपळणीत कोकणातलं आमचं आचरा गाव रिकामं होतं. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की माणसं गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर पडतात आणि तीन दिवस, तीन रात्री खोपी बांधून राहतात. हातातली कामं थांबलेली असतात, त्यामुळे एरवी अर्ध्यावर सुटणारी बोलणी तिथे तडीस जातात. मागच्या खेपेला आमच्या खोपीत वाद पेटला तो शास्त्रज्ञाचं काम आकड्यानं मोजावं की नाही यावरून.

एका बाजूला अण्णा, माझे थोरले मामा. मुंबईत एका विज्ञान संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्तीनंतर ते गावी परतले. दुसऱ्या बाजूला त्यांची नात, म्हणजे माझी भाची. ती पुण्यात मेंदूविज्ञानात संशोधन करते. उंदराच्या मेंदूचे अगदी पातळ काप जिवंत ठेवायचे आणि त्यातल्या एकेका चेतापेशीतून वाहणारा विद्युतप्रवाह मोजायचा, हे तिचं काम. गावपळणीतही ती लॅपटॉप घेऊन आली होती, कारण नोकरीच्या एका अर्जाची मुदत संपत आली होती. अर्जात तीन चौकोन होते : एकूण पेपर, एकूण सायटेशन, एच-इंडेक्स. तिथे तिचा हात अडला होता.

मला वाटलं होतं, जुना माणूस आकड्यांवर तुटून पडेल आणि तरुण मुलगी त्यांची बाजू घेईल. झालं उलटंच.

"त्यात अडण्यासारखं काय आहे?" अण्णा म्हणाले. "आकडा विचारलाय, तो भर."

"आजोबा, तो आकडा माझ्याबद्दल काही सांगतच नाही."

"नाही कसा सांगत? तुझा पेपर इतर किती जणांना उपयोगी पडला, ते सांगतो."

"किती जणांनी त्याचं नाव घेतलं, एवढंच सांगतो. उपयोगी पडला की नाही, हे नाव घेण्यावरून कळत नाही. आपल्या वाचनालयाच्या पुस्तकाला मागे तारखांचा कागद चिकटवलेला असतो ना? पुस्तक कितीदा घरी गेलं ते त्यावर कळतं. वाचलं कोणी, ते कळत नाही."

अण्णा हसले. ग्रंथपालाला ग्रंथालयाचाच दाखला दिल्यावर त्याला उत्तर देणं भागच होतं. "पण ज्या पुस्तकाच्या कागदावर एकही तारीख नाही, ते कोणीच वाचलं नाही एवढं तर कळतं?"

"तेही नाही. तिथे बसून वाचणारे असतातच की."

हे उत्तर तिनं सहज दिलं होतं. पण तिचा पुढचा सगळा मुद्दा त्यातच होता, हे मला नंतर उमगलं.

मग तिनं एच-इंडेक्स समजावून सांगितला. २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो सुचवला. एखाद्याचे दहा पेपर प्रत्येकी किमान दहादा उद्धृत झाले असतील, तर त्याचा एच दहा. हिशेब सोपा आहे, म्हणूनच तो जगभर पसरला. पण हा आकडा कधी उतरत नाही. माणूस काम करायचा थांबला तरी तो वाढत राहू शकतो. शिवाय पेपरावर पहिलं नाव कोणाचं, मधलं कोणाचं, हे त्याला दिसत नाही.

"मुंबईच्या टीआयएफआरमधल्या शुभा टोळे मॅडमचा २००८ चा 'सायन्स'मधला पेपर घ्या," ती म्हणाली. "आमच्या क्षेत्रात तो सगळ्यांना ठाऊक आहे. गर्भातल्या उंदराच्या मेंदूत अगदी सुरुवातीला एलएचएक्स-टू नावाचा जीन ठरवतो की अमुक पेशींनी कॉर्टेक्स व्हायचं. ज्या पेशींतून तो जीन काढून टाकला, त्या कॉर्टेक्स झाल्याच नाहीत. त्या काठावरच्या 'हेम' नावाच्या पट्टीसारख्या झाल्या, आणि त्यांनी शेजारच्या धडधाकट पेशींना हिप्पोकॅम्पस व्हायला लावलं. म्हणजे स्मृतीचं केंद्र जिथे असायला नको तिथे उगवलं, तेही एक नाही, अनेक. आणि हे सगळं थोड्याशा मुदतीतच होतं. ती मुदत टळल्यावर जीन काढला तर असं होत नाही."

अण्णा कान देऊन ऐकत होते. ही बाई महाराष्ट्रातली, तिची प्रयोगशाळा कुलाब्यात, याचा त्यांना मनापासून अभिमान वाटत होता, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"आता त्या पेपरावर डझनाहून जास्त नावं आहेत. आमच्याकडे पहिलं नाव ज्यानं हातानं काम केलं त्याचं, बहुधा विद्यार्थ्याचं. शेवटची नावं प्रयोगशाळा चालवणाऱ्यांची. तिथे टोळे मॅडमचं आणि कॅलिफोर्नियातल्या एडविन मोनुकींचं आहे. ज्या विद्यार्थिनीनं वर्षानुवर्षं भ्रूणांचे काप घेतले तिला, आणि मध्ये कुठेतरी एखादी चाचणी करून दिलेल्याला, सायटेशनचा आकडा सारखाच मिळतो. २०१० चा भटनागर पुरस्कार आणि २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार मॅडमना मिळाला, तेव्हा कोणीतरी बसून त्यांचं काम वाचलं असेल. माझं कोण वाचणार? माझ्या अर्जाला तीन चौकोन."

"तां खरां," अण्णा म्हणाले. मालवणीत शिरले की अण्णा थोडे हललेले असतात. पण ते माघार घेणारे नव्हते.

"आता माझं ऐक. आमच्या ग्रंथालयात सायन्स सायटेशन इंडेक्सचे खंड यायचे. उचलायला दोन हात लागत, आणि अक्षर इतकं बारीक की भिंग टेबलावरच ठेवलेलं असे. युजीन गारफील्डनं ही कल्पना १९५५ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये फिलाडेल्फियाहून खंड काढले. कल्पना घेतली कुठून? वकिलांकडून. अमेरिकेत शेपर्डची सूची होती. एखादा जुना निकाल पुढे कोणत्या खटल्यात मान्य झाला, कोणत्यात फिरवला गेला, ते त्यात बघायचं. गारफील्डनं तेच विज्ञानात आणलं. पेपराच्या शेवटी जे संदर्भ असतात, ते तुला मागे नेतात. पुढे कोण नेणार? १९५९ च्या पेपराचं १९७५ मध्ये काय झालं, हे त्या खंडांशिवाय कळायला मार्गच नव्हता. मोजणी नंतर आली गे बाय. आधी होता तो शोध."

"मग मोजणी का आणली?"

"मोजणी नव्हती तेव्हा काय होतं, तां माका इचार. निवड कशी व्हायची? साहेबाचा माणूस कोण, कुठल्या कॉलेजचा, कोणाचा जावई. तळकोकणातून आलेल्या पोराचं काम चांगलं आहे हे सिद्ध करायला त्याच्या हातात काय होतं? मी स्वतः अशा पोरांना सायटेशनच्या याद्या काढून दिल्यात. ती यादी घेऊन ते मुलाखतीला जात. साहेबाला ती बाजूला सारता येत नसे."

इथे मला अण्णांची बाजू खरीखुरी पटली. आकड्याला नावं ठेवणं सोपं असतं ते ज्यांच्यामागे संस्था, गुरू, घराणं उभं असतं त्यांना. बाकीच्यांना आकड्याचाच आधार असतो.

अण्णांनी आणखी एक नाव काढलं, कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांचं. पटकीच्या जंतूंनी सोडलेलं विषच आतड्यात पाणी ओढतं, हे डे यांनी १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं. देशात त्यांना हवा तेवढा मान कधी मिळाला नाही. १९८५ मध्ये ते वारले. १९८६ मध्ये खुद्द गारफील्डनं पटकीच्या संशोधनाचा सायटेशनवरून नकाशा काढला आणि त्यात डे यांचं स्थान कुठे आहे, यावर लेख लिहिला. "आपल्या लोकांनी विसरलेला माणूस," अण्णा म्हणाले, "फिलाडेल्फियात बसलेल्यानं आकड्यांवरून शोधून काढला."

भाची थोडा वेळ बोलली नाही. मग तिनं विंचवाचा विषय काढला, आणि तिथून बोलण्याला वेगळीच धार आली. विषय निघायला निमित्तही होतं. खोपीसाठी जागा साफ करताना मामीनं गडग्याच्या चिऱ्याखाली एक विंचू मारला होता.

"हा तांबडा विंचू," ती म्हणाली, "माझ्या प्रयोगशाळेतही आहे. म्हणजे त्याच्या विषातला एक घटक आहे. इबेरियोटॉक्सिन म्हणतात त्याला. ३७ अमिनो आम्लांची साखळी. १९९० मध्ये मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ते ह्याच भारतीय तांबड्या विंचवाच्या विषातून वेगळं केलं. चेतापेशीवर पोटॅशियमचे मोठे मार्ग असतात, कॅल्शियम वाढलं की उघडणारे. हे विष नेमके तेवढेच मार्ग बंद करतं. म्हणून पेशीत त्या मार्गांचं काम काय आहे, हे बघायला जगभरची मेंदूविज्ञानाची माणसं ते वापरतात. मीही वापरते. कुपीत पूड असते, पण इतकी कमी की डोळ्यांना कुपी रिकामीच दिसते. उणे वीस अंशांत ठेवायची. वापरलं की मी १९९० च्या पेपराचा संदर्भ देते. माझ्यासारखे सगळेच देतात."

"म्हणजे त्या पेपराचा आकडा मोठा."

"मोठाच. आणि असायलाही हवा, काम अस्सल आहे. आता दुसरा पेपर. १९८६, 'लॅन्सेट'. लेखक हिंमतराव बावस्कर आणि प्रमोदिनी बावस्कर. पत्ता, महाड."

हे नाव आमच्या खोपीत सगळ्यांनाच माहीत होतं. जालना जिल्ह्यातून आलेला हा डॉक्टर सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला, तेव्हा विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि पोरं त्याच्या डोळ्यांदेखत जात होती. वेदनेनं कोणी मरत नव्हतं. तांबड्या विंचवाचं विष चेतातंतूंवरचे सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं. चेतातंतू थांबायचं नाव घेत नाहीत आणि अंगात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. बावस्करांनी खाटेशी बसून लक्षणं टिपली. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की उलटी, दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय ही हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची आगाऊ सूचना आहे. मग रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी देऊन बघितली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे विषानं जे केलं नेमकं त्याच्या उलट. १९८६ चा पेपर त्या गोळीचा.

"मला सांगा," भाची म्हणाली, "महाडात, मालवणात, सोलापुरात रात्री दोन वाजता कुठल्यातरी आरोग्य केंद्रातला डॉक्टर ती गोळी देतो. पोर सकाळी घरी जातं. तो डॉक्टर पेपर लिहितो का? तो संदर्भ कुठे देणार? केसपेपरवर? सायटेशन मोजतं ते लिहिणाऱ्यांना. वापरणाऱ्यांना मोजत नाही. माझ्या हातून १९९० च्या पेपराला एक सायटेशन मिळतं, कारण मी लिहिते. १९८६ च्या पेपरानं वाचलेलं पोर काही लिहीत नाही. एकाच विंचवाचे दोन पेपर, आणि तुमचा इंडेक्स त्यांतला एकच नीट बघू शकतो."

अण्णा बराच वेळ गप्प होते. माझ्या मते त्या तीन दिवसांतला सगळ्यात जड मुद्दा हाच. अंकगणित चुकत नाही, ते नेहमी ज्यांच्या हातात लेखणी आहे त्यांच्याच बाजूनं बरोबर येतं. मेंदूविज्ञानात हे फार जाणवतं, कारण एका टोकाला चेतापेशीचे काप करणारी प्रयोगशाळा असते आणि दुसऱ्या टोकाला फिट आलेला किंवा विंचू चावलेला माणूस. पहिल्या टोकाला सगळे लेखक असतात, दुसऱ्या टोकाला जवळजवळ कोणीच नसतं.

पण अण्णांनी जे उत्तर दिलं, तेही मला खोडता येत नाही.

"बावस्करांनी गोळी दिली आणि पोरं वाचवली, एवढंच केलं असतं तर?" ते म्हणाले. "तर महाड वाचलं असतं. सोलापूर नाही, आचरा नाही. त्यांनी लिहिलं म्हणून ते पसरलं. आणि लिहून थांबले नाहीत. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा पेपर आला. ७० रोगी, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना सोबत विंचवाचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले एका गटात ३५ पैकी ८, प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२. बघ हां. स्वतःच्याच गोळीला आणखी कशाची जोड हवी, हे त्यांनी स्वतः तपासून छापलं. हा माणूस खासगी दवाखान्यात बसून हे करत होता. त्याला बढती नव्हती, अर्जाचे चौकोन नव्हते. पेपर हे त्याला ओझं वाटलं नाही. तुला का वाटतं?"

"पेपर नाही ओझं वाटत, आजोबा. पेपर लिहायला मला आवडतं. मोजणीसाठी लिहायचं, याचं ओझं वाटतं. आणि त्यातून काय होतं ते पुण्यातच दिसलंय."

ती बोलत होती ती यूजीसीच्या मान्यताप्राप्त जर्नलांच्या यादीबद्दल. प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्या पेपरांच्या गुणांवर होऊ लागल्या, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं पावसाळ्यातल्या अळंब्यांहून जास्त उगवली आणि त्यांतली कितीतरी अधिकृत यादीत जाऊन बसली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन यांनी सहकाऱ्यांसह विद्यापीठांनी सुचवलेली १००९ जर्नलं तपासली. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापला : ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता. कुठे पत्ता नाही, कुठे संपादकांची नावं नाहीत, कुठे इम्पॅक्ट फॅक्टर खोटा. मला यात फसवणाऱ्यांपेक्षा फसलेल्यांचं दुःख जास्त होतं. तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला, ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही की जर्नलांची वर्गणी नाही, त्याला सांगितलं गेलं की पेपर आण, नाहीतर बढती नाही. त्यानं पगारातून पैसे भरले.

"हे मोजणीचं पाप नाही," अण्णा म्हणाले. "न वाचता मोजणाऱ्यांचं आहे."

"पण मोजणी हाताशी आली की वाचायचं सुटतं, हे तुम्ही मान्य कराल की नाही?"

"करीन," अण्णा म्हणाले. एवढंच.

इम्पॅक्ट फॅक्टरवरही एक फेरी झाली, ती थोडक्यात सांगतो. तो काढताना जर्नलच्या आधीच्या दोन वर्षांतल्याच लेखांचे उल्लेख धरतात. मेंदूविज्ञानाला दोन वर्षं म्हणजे काहीच नाहीत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया आणि स्वामी यांनी नऊ कुटुंबं तपासली, ज्यांत चालताना तोल जाण्याचा आनुवंशिक आजार होता आणि सोबत डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होती. नजर एका वस्तूवरून दुसरीवर झटकन जायची ती सावकाश सरकत जायची. १९७१ मध्ये हे 'ब्रेन' या जर्नलमध्ये आलं. १९९६ मध्ये, पंचवीस वर्षांनी, तीन वेगवेगळ्या गटांनी त्या प्रकारच्या आजाराचा जीन शोधला आणि आज तो एससीए-टू म्हणून ओळखला जातो. खाटेजवळ उभं राहून केलेलं निरीक्षण पाव शतक टिकून राहिलं आणि जीवशास्त्र त्याच्यापर्यंत येऊन पोचलं.

"दोन वर्षांच्या खिडकीतून हे दिसलं असतं?" भाचीनं विचारलं.

"नाही. पण पंचवीस वर्षांचा धागा सापडला असता तो माझ्या खंडांतूनच," अण्णा म्हणाले.

दोघंही बरोबर होते आणि दोघांनाही ते कळत होतं. म्हणून अण्णांनी तोडगा काढायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तू पुढच्या पेपरात ते विष वापरशील, तेव्हा प्रस्तावनेत एक वाक्य घाल, हा विंचू कोकणात माणसं मारतो म्हणून. आणि महाडच्या पेपराचा संदर्भ दे. एकाने सुरुवात केली तर बघून दुसरा करेल."

मला वाटलं ती लगेच हो म्हणेल. ती म्हणाली, "नाही, आजोबा. माझा प्रयोग त्या पेपरावर उभा नाही. ज्यावर मी उभी नाही त्याचा संदर्भ मानापोटी दिला, तर मीही आकडा फुगवणाऱ्यांतलीच झाले. तुमच्या गारफील्डचा धागाच मग खोटा होईल. कोणीतरी त्यावरून पुढे जायला बघेल आणि माझ्या उंदराच्या मेंदूत येऊन पडेल."

अण्णांनी मान डोलावली. मला वाटतं, त्या दिवसात ते पहिल्यांदाच पुरते हरले, आणि ज्या गोष्टीवर त्यांनी आयुष्य काढलं तिचीच बाजू घेऊन नातीनं त्यांना हरवलं. "नको देऊस," ते म्हणाले. "पण वाचलायस तरी का बावस्करांचा त्याआधीचा पेपर? ब्याऐंशीचा?"

"नाही."

"मग वाच आधी."

तिनं मोबाइलवर शोधला. जर्नलनं पैसे मागितले. तिनं संस्थेचं लॉगिन घातलं, तेव्हा उघडला. "आरोग्य केंद्रातल्या डॉक्टराकडे हे लॉगिन नसतं," ती पुटपुटली, आणि अण्णांनी ते ऐकलं. जुन्या छपाईची जेमतेम तीन पानं. ती मोठ्यानं वाचत गेली आणि मराठीत सांगत गेली : कशी उलटी होते, घाम कसा फुटतो, हातपाय कधी गार पडतात.

मामी चुलीवरून उठून जवळ आली. लहानपणी शेजारच्या घरात असंच झाल्याचं तिला आठवत होतं. घाम इतका की कपडे पिळून काढावे लागले होते. मांत्रिक आला होता. "त्या गोळयेचा नाव काय म्हणलंस?" तिनं विचारलं.

"प्राझोसिन. पण ती आपली आपण घ्यायची नाही, आजी. दवाखान्यात रक्तदाब बघत देतात. आपण काय करायचं, तर वेळ न घालवता तिथे पोचायचं. घाम आणि गार हातपाय दिसले तर तिथल्या तिथे निघायचं."

"आणि मांत्रिक?"

"तो वेळ खातो," भाची म्हणाली. मामीनं गोळीचं नाव पुन्हा एकदा म्हणून बघितलं आणि शेजारच्या खोपीतल्या पोरांना दगड उचलू नका म्हणून सांगायला गेली. भाचीनं लॅपटॉप ओढला, तीन चौकोनांत आकडे भरले आणि खाली जोडपत्राला जागा होती तिथे आपल्या प्रत्येक पेपरात स्वतः काय केलं, ते एकेका ओळीत लिहायला घेतलं.